कानातला बंद माग

१

कानाच्या तपासणीचा एक साधा नियम असतो. टिटवी तो येणाऱ्या प्रत्येकाला शाळेतल्या बाईंच्या ठसक्यात सांगायची. "आवाज आला की बटण दाबायचं. अगदी बारीक आला तरी दाबायचं. नाही आला तर गप्प बसायचं. अंदाजपंचे दाबू नका, मला कळतं."

तिला खरंच कळायचं. तपासणीची खोली म्हणजे जाड भिंतींची एक मोठी पेटीच होती. आत खुर्ची, हेडफोन आणि वायरीच्या टोकाला बटण. काचेबाहेर टिटवीचं टेबल. आतल्या माणसाने बटण दाबलं की टेबलावर हिरवा दिवा लागायचा. ऐकू येत नाही हे कबूल करायला लोकांच्या जिवावर येतं, म्हातारे तर हमखास ठोकून देतात. म्हणून ती मध्येच आवाज थांबवायची आणि नुसती बघत बसायची. शांततेत दिवा लागला की समजायचं, पाहुणे थापा मारतायत.

टिटवी हे तिचं घरातलं नाव. लहानपणापासून गप्प बसणं तिला जमलं नाही, म्हणून पडलेलं. कॉलेजात कानांचं शास्त्र शिकून ती नोकरीला लागली तेव्हा तिचे काका म्हणाले होते, "आजवर आमचेच कान खात होती, आता गावाचे खाईल."

त्या दिवशी पेटीत बसले होते तिचे बाबा. त्यांना तिथवर आणण्यासाठी ती सगळ्या घरादाराशी भांडली होती.

बाबा काकांच्या कारखान्यात जॉबर होते. यंत्रमाग बंद पडला की त्याच्या पोटात हात घालून तो चालू करणारा माणूस म्हणजे जॉबर. एवढ्या मागांच्या खडखडाटात शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, पण बाबा कारखान्याच्या दारात उभे राहून डोळे मिटायचे आणि बोट दाखवायचे. तिकडे, भिंतीकडचा. तिथला माग थांबलेला असायचा. "बंद मागाचा आवाज कसा ऐकू येतो हो?" असं कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "आवाज नाही ऐकायचा. बाकीच्यांच्या आवाजाला भोक पडतं, ते ऐकायचं."

त्याच खडखडाटाने त्यांचे कान खाल्ले होते. उंच पट्टीतले आवाज त्यांना ऐकूच येत नव्हते. हे टिटवीला अपेक्षितच होतं; दातओठ खात ती एकेक आवाज वाजवत गेली. मग नेहमीप्रमाणे थांबली.

दिवा लागला.

तिने हात आवरून घेतले. यंत्र गप्प होतं. दिवा जरा वेळ तसाच राहिला, विझला, पुन्हा लागला. बाबांनी डोळे मिटले होते. त्यांची मान हळूहळू डावीकडून वळत होती, खोलीतून कुणी चालत जावं आणि आपण नजर न उचलता त्याच्या मागावर राहावं, तशी. मान खांद्यापर्यंत वळली. पुढे वळेना, तेव्हा त्यांनी अंग आकसून घेतलं.

त्यांच्या खुर्चीमागे हातभर जागा आणि भिंत एवढंच होतं.

टिटवीने दार उघडलं. "बाबा, मी काहीच वाजवत नव्हते," ती त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाली.

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "तू वाजवत होतीस तेव्हा मी कुठे दाबलं?"

२

"वयाप्रमाणे चालायचंच," आई म्हणाली. ती मान खाली घालून बटाटे सोलत होती.

"वय? आई, ते साठीचेसुद्धा नाहीत! कान वयाने नाही गेले, घालवलेत. काकांनी."

"हळू बोल."

"का? ऐकणार कोण आहे या घरात?"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच लागलं. पण ती थांबली नाही. रागाच्या भरात तिला शिकवायला चांगलं जमायचं. कान म्हणजे नुसता दरवाजा, ती म्हणाली, ऐकतो तो मेंदू. दारातून आवाज येईनासे झाले की मेंदू काही स्वस्थ बसत नाही. लांबचं स्टेशन लागावं म्हणून आपण रेडिओचा आवाज वाढवतो आणि स्टेशनऐवजी खरखरच मोठी होते, तसा तो आतल्या आत आवाज वाढवत बसतो. त्या खरखरीलाच माणूस म्हणतो, माझ्या कानात वाजतंय. आणि ज्या आवाजांची जागा रिकामी पडते, ती शेजारचे आवाज बळकावतात. फार दिवस गेले की माणसाचं बोलणं ओळखायची सवयच मोडते. मग मशीन लावलं तरी नुसता गोंगाट.

"म्हणून मशीन आत्ता हवं. उद्या नाही, आत्ता!"

आई काहीच बोलली नाही. हेच टिटवीला सहन होत नव्हतं. ही बाई एके काळी नळाशी, मांजराशी, उतू जाणाऱ्या दुधाशीही बोलायची. बाबांना कळेनासं झालं तशी ती खुणांवर आली. जेवायला बोलवायचं तर ताटावर चमचा आपटायची. आता चमचाही बंद झाला होता. नुसती समोर जाऊन उभी राहायची.

बाबा पलीकडे खिडकीशी बसले होते. टिटवी त्यांच्यासमोर जाऊन बसली. "बाबा, कानात नक्की काय वाजतं?"

"माग," ते म्हणाले. "सगळे. घरी आलो तरी चालू असतात. त्याचं काही नाही, त्यांची सोबत असते." मग त्यांनी आईकडे पाहिलं आणि आवाज उतरवला, म्हणजे त्यांना वाटलं की उतरवला. "पण त्यातला एक बंद आहे."

"बरं, मग?"

"बंद माग जागचा हलत नाही, पोरी. हा हलतो."

आईच्या हातातली सुरी थांबली. मग ती दुसरा बटाटा सोलायला लागली.

३

काकांशी भांडायला टिटवी कारखान्यात गेली. काचेच्या खोलीत काका बसले होते आणि काचेबाहेर माग धडधडत होते. कुणाच्याही कानाला काही नव्हतं. ते पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"या डॉक्टरीणबाई," काका म्हणाले.

"काका, या माणसांना कानात घालायला बोळे का देत नाही तुम्ही?"

"आणि माग बंद पडला ते मला स्वप्नात येऊन सांगतील का?"

"माझ्या बाबांचे कान गेले!"

"माझे कुठे शाबूत आहेत? सवय होते."

सवय होते! प्रत्येक फाटक्या गोष्टीला मोठी माणसं हेच ठिगळ लावतात. टिटवीने मनातली सगळी पदवी बाहेर काढली. दुखावलेल्या कानामागे मेंदू कसा बिथरतो ते सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आता त्यांना भास व्हायला लागलेत. म्हणे कानातल्या मागांपैकी एक बंद आहे, आणि तो घरभर फिरतो."

काका हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"कुठल्या बाजूला असतो म्हणाला?"

"काय?"

"डावीकडे, उजवीकडे? की मागे?"

"तुम्हाला काय माहीत आहे, काका?"

"मला काय माहीत असणार? मी अडाणी." त्यांनी टेबलावरच्या रेडिओचा आवाज वाढवला. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की त्यावर गाणं नव्हतं, बातम्या नव्हत्या, काहीच लागलेलं नव्हतं. नुसती खरखर. आणि हा रेडिओ आपण लहानपणापासून असाच ऐकत आलो आहोत, हेही आत्ताच लक्षात आलं. काका स्टेशन शोधतायत, असं ती इतकी वर्षं समजत होती.

तिने हात पुढे करून तो बंद केला.

काका ताडकन उठले. एवढ्या देहाचा माणूस पाठीने भिंत चाचपत मागे सरकला आणि भिंतीला चिकटून डोळे मिटून उभा राहिला. त्यांची मान अगदी बाबांसारखी वळत होती. मग त्यांनीच झेप घेऊन रेडिओ लावला. कपाळावर घाम आला होता.

"त्याला मशीन लावू नकोस," ते म्हणाले.

"का?"

"मोठ्यांनी सांगितलं की ऐकावं."

"कारण सांगा, ऐकते. कारणाशिवाय मी देवाचंही ऐकणार नाही!"

काका तोंड उघडतील असं क्षणभर वाटलं. पण त्यांनी नजर काचेबाहेर वळवली, आणि टिटवीला ते चांगलंच ओळखीचं होतं. आजोबा कसे गेले, आत्या माहेरी का येत नाही, या घरात काहीही विचारलं की मोठी माणसं अशीच खिडकीबाहेर बघायला लागायची. ती दार आपटून निघाली. मागांच्या गोंगाटात ते आपटलेलंही कुणाला ऐकू गेलं नाही.

४

बाबांनीही नाही म्हटलं.

"मशीन लावलं की कानातले माग बारीक होतील, असंच ना?"

"हो! बाहेरचं पुरेसं ऐकू आलं की मेंदूला आतला आवाज वाढवायची गरज उरत नाही. चांगलंच आहे ना ते?"

"मग तो बंद माग मला कळणार कसा?"

"बाबा, तो नाहीच आहे! कळायचंय कशाला?"

बाबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नाही, जरा कीव केल्यासारखं. "ऐकू येतंय तोवर तो कुठे आहे ते कळतं," ते म्हणाले. "तो जवळ आला की मी उठून दुसरीकडे बसतो. एवढंच करतो मी. तू मला ते करू दे."

टिटवीला एकदम आठवलं. जेवता जेवता बाबा खुर्ची बदलत. वाचता वाचता उठून दुसऱ्या खोलीत जात. म्हातारपणची चुळबुळ, असं सगळे म्हणायचे. तिने ती आठवण झुरळासारखी झटकून टाकली. शास्त्र शिकलेल्या मुलीने अशा गोष्टींच्या नादी लागायचं तर मग काकांमध्ये आणि आपल्यात फरक तो काय?

सिद्ध करून दाखवायचं, तिने ठरवलं. स्वतःच्या डाव्या कानात तिने फोमचा बोळा घट्ट बसवला आणि तसाच ठेवला. कामावर, घरी, झोपेतसुद्धा. काही दिवसांतच त्या कानात बारीक सूं वाजायला लागलं. पुस्तकात लिहिलं होतं तसंच. तिला आनंद झाला.

"बघा!" तिने घरात जाहीर केलं. "माझा कान धडधाकट आहे, तरी वाजतंय. नुसता दरवाजा लोटला तरी आतला माणूस बडबडायला लागतो. यात भूत नाही, भानगड नाही."

"नुसतं वाजतंच ना?" बाबांनी विचारलं. "अखंड?"

"अखंड."

त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तिच्यासाठी, हे तिला कळलं. आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

शेवटी गाडं हललं ते आईमुळे. ती आतून आली, बाबांच्या समोर बसली आणि खुणा न करता बोलली, ओरडून, एकेक शब्द सुटा करून. "मी बोलणं सोडलंय. तुम्हाला कळत नाही म्हणून. आता एकटी असले तरी तोंडातून शब्द येत नाही. मला भीती वाटते हो."

बाबांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण तिचा चेहरा कळला. त्यांनी टिटवीकडे पाहून मान हलवली.

५

मशीन बसवलं त्या दिवशी बाबा पेटीबाहेरच्या खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. टिटवीने दोन्ही कानांत ती इवलीशी यंत्रं बसवली, आवाज थोडा थोडा वाढवत नेला.

"अगं," आई म्हणाली, "त्यांना टोचत तर नाही ना?"

"नाही टोचत," बाबा म्हणाले.

मागे आईने हुंदका दिला. बाबा वळले. "आणि तू घसा बसल्यासारखी का बोलतेस? आधी अशी नव्हतीस."

"वापरला नाही ना," आई म्हणाली. हसत होती, रडत होती. "गंज चढलाय."

पुढचे दिवस घरात बोलण्याला नुसता पूर आला. आईने सगळी थकबाकी काढली: कोण वारलं, कोणाची सून कशी निघाली, मांजराने कुठे पिल्लं घातली. बाबा ऐकत, मध्येच हात वर करून थांबवत आणि विचारत, "हा कसला आवाज?" तो कुकरच्या शिट्टीचा असे, कधी चिमणीचा, कधी स्वतःच्याच चपलेचा. टिटवीने काकांना मुद्दाम निरोप पाठवला की बाबा उत्तम आहेत आणि परत मागांवर येणार नाहीत. उत्तर आलं नाही.

एक गोष्ट मात्र तिच्या डोळ्यांत खुपायला लागली. बाबा आता खुर्ची बदलत नव्हते. ते भिंतीला पाठ लावून बसत. खोलीत शिरायच्या आधी दारात थांबत, डोळे मिटत, आणि काही हाती न लागल्यासारखे उघडत. अंधारात जिना उतरणारा माणूस पायाने पायरी चाचपतो, तसे.

एकदा त्यांनी तिला गाठून विचारलं, "तुझा तो बोळा आहे ना अजून?"

"आहे. का?"

"राहू दे थोडे दिवस." ते खजील झाले होते. "तुला वाजतंय तोवर... काही वेगळं वाटलं तर सांगशील. मला आता कळत नाही."

टिटवीचं डोकंच फिरलं. "म्हणजे मी पहारा करू? ज्याचं नावसुद्धा कुणी सांगत नाही, त्याच्यावर? तुम्ही, काका, सगळे सारखेच! पिढ्यान् पिढ्या एखादी गोष्ट तोंडात धरून ठेवायची, आणि निस्तरायची वेळ आली की पोरांच्या गळ्यात मारायची!" तिने बोळा उपटला आणि त्यांच्यासमोर कचऱ्यात टाकला. "वाजतंय ते थांबेल आता. आणि सगळंच थांबेल."

बाबांनी मान डोलावली. भांडले असते तर बरं झालं असतं.

६

सूं लगेच थांबलं नाही. पुस्तकात तेही होतं: मेंदू वाढवलेला आवाज एकदम खाली आणत नाही, हळूहळू आणतो. ते दिवसागणिक पातळ होत गेलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी टिटवी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली तेव्हा ते इतकं बारीक उरलं होतं की लक्ष देऊन शोधावं लागत होतं.

खिडकीतून ऊन आत आलं होतं. पंखा कुरकुरत होता. रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं. आई मटार सोलत होती आणि बोलत होती, दाणे भांड्यात टपटप पडत होते. समोर बाबा चहा घेत बसले होते, भिंतीला पाठ लावून. आईच्या कुठल्याशा बोलण्यावर ते मोठ्याने हसले. हे असंच व्हायला हवं होतं, टिटवीला वाटलं. यासाठीच तर सगळं केलं.

तिच्या कानातल्या आवाजाला भोक पडलं.

डावीकडे, दाराच्या बाजूला. सूं थांबलं नव्हतं, आजूबाजूला होतंच. फक्त त्यातला एक तुकडा कुणीतरी काढून घेतला होता. एवढा लहान तुकडा असतो हे तिला बाबांनी सांगितलं नव्हतं. साधारण दारात माणूस उभा राहावा एवढा.

कमीजास्त होतंच, तिने स्वतःला सांगितलं. आवाज ओसरताना असे खंड पडतात. लक्ष दिलं की जास्त जाणवतात. मेंदू रिकाम्या जागी काहीही रचतो, मग रिकामी जागासुद्धा रचेल. ती भराभर कारणं देत होती, आणि तुकडा दारातून आत येत होता.

तो आईच्या आणि तिच्या मध्ये आला.

आई बोलत होती. तोंड हलत होतं, भुवया उडत होत्या, हातातली शेंग फुटत होती. दाणे भांड्यात पडत होते आणि त्यांचा आवाज येत नव्हता. पंखा कुरकुरत होता. रस्त्यावरची गाडी चालू झाली. फक्त आई आणि तिच्या हातातलं भांडं जाड काचेमागे गेल्यासारखं झालं होतं. टिटवीने बोळा नसलेल्या आपल्या दोन्ही कानांना हात लावला.

"...आणि म्हणे आमच्याकडे असंच असतं," आईचा आवाज परत आला. टप, टप, टप.

तुकडा पुढे गेला होता. टेबलाच्या कडेने, सावकाश. टिटवीची मान आपोआप त्याच्याबरोबर वळत होती. तिचं तिलाच ते दिसलं आणि संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एकानेही तिला नीट सांगितलं नव्हतं. काकांनी नाही, आईने नाही. आणि ज्याने सांगितलं होतं त्याचे कान तिने आपल्या हातांनी उघडले होते. आता घरात सगळ्यात छान ऐकू येत होतं ते त्यालाच, आणि हे एवढंच ऐकू येत नव्हतं.

"बाबा, उठा!"

बाबांनी कप खाली ठेवला. "काय झालं गं?"

"उठा तिथून! इकडे या, माझ्याकडे या, ती मशीनं काढा! काढा आधी!"

"आत्ता कुठे ऐकू यायला लागलंय," बाबा हसत म्हणाले, "आणि म्हणे काढा. तुझ्या आईचं पुराण अजून निम्मं..."

पुढचं ऐकू आलं नाही.

ते बोलतच होते. वाक्य संपेपर्यंत त्यांना कळलंच नसावं. मग त्यांनी टिटवीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू ओठांवरच राहिलं. त्यांनी पुन्हा काहीतरी म्हटलं, छोटं, एखादी हाक असावी तेवढं. हात टेबलावर आपटला. टेबल हललं, कपातला चहा हिंदकळला. पंखा कुरकुरत होता, बाहेर गाडी लांब जात होती, शेंगा कटकट फुटत होत्या.

आईने भांड्यातून मान वर केली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो, नुसतं तोंड काय हलवताय?" ती म्हणाली. "मोठ्याने बोला की. मला काही ऐकू येत नाहीये."